घर कोणी बांधले, हेही लिहून ठेवा

(धुळे येथे शेतकरी व कारागीर मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आज मला आपल्यापुढे आपल्याच घरांविषयी, आपल्या गल्ल्यांविषयी आणि पेठांविषयी बोलावयाचे आहे. इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, तलवार येते, सरदाराचा वाडा येतो. आपण ज्या ओट्यावर बसून सकाळी दात घासतो, त्या ओट्याला इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु शहर काही किल्ल्यातून उपजत नाही. ते ओटा, भिंत, विहीर, पाट आणि रस्ता यांतून उभे राहते. आणि या पाचही गोष्टी कोणाच्या हातच्या आहेत ते येथे बसलेल्यांस सांगण्याची गरज नाही. तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे की, धुळे आणि जळगाव ही शहरे ज्यांनी हाताने उभी केली त्यांची नावे कागदावर फार थोडी आली. जी आठवण उरली आहे ती तुमच्या घरात आहे. घरे पडत आहेत. ती आठवण आपण लिहून घेतली नाही तर ढिगाऱ्याबरोबर तीही गाडीत भरून गावाबाहेर टाकली जाईल.

प्रथम धुळ्याकडे पाहू. ज्याला आज आपण मोठे शहर म्हणतो, २०११ च्या शिरगणतीत ज्याची वस्ती पावणेचार लाखांवर भरली, ते धुळे दोनशे वर्षांपूर्वी लळिंगच्या हाताखालचे एक लहानसे गाव होते. सन १८०३ मध्ये होळकरांच्या फौजेची लुटालूट झाली, त्यातच त्या वर्षी भयंकर दुष्काळ पडला, आणि गाव पार ओसाड झाले. पुढच्या वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. लळिंग व सोनगीर हे परगणे पेशव्यांकडून विंचूरकरांस मिळालेले होते. गाव वसविल्याबद्दल बाळाजी बळवंतांस इनाम जमीन आणि हक्क मिळाले, पुढे सगळ्या परगण्याचा कारभार मिळाला, आणि १८१८ साली इंग्रज येईपर्यंत त्यांचा अंमल धुळ्यात चालला. ही हकीगत सरकारी पुस्तकात छापलेली आहे आणि ती खरी आहे.

पण बंधूंनो, गाव वसविणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा. ओसाड गावात एकटा कारभारी येऊन बसला तर गाव वसत नाही. कोणीतरी पहिल्यांदा विहिरीतला गाळ उपसला असेल. कोणीतरी पडक्या भिंतींची माती पुन्हा भिजवून चिखल केला असेल. कुंभाराने आवा लावला, लोहाराने भाता जोडला, सुताराने मोडक्या वखराला दांडी घातली, माळ्याने पाटाचे पाणी वाफ्यात वळविले, तेव्हा कोठे चुलीला धूर आला. दुष्काळात परागंदा झालेली ही माणसे कोणत्या धीराने परत आली असतील? इनाम कोणाला मिळाले ते लिहिलेले आहे. परत कोण आले, ते लिहिलेले नाही.

नंतर इंग्रजी अंमल आला. खानदेश जिल्हा नवा निघाला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे त्याचे मुख्य ठाणे ठरविले. जानेवारी १८१९ मध्ये त्यांनी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी आणली. त्या कामाला एकंदर २७,००० रुपये खर्च आला. येथे पुरेसे कारागीर नव्हते, म्हणून दूरदूरच्या गावांहून कारागीर आणविले. व्यापारी व इतर लोक येथे येऊन राहावेत म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि चांगली पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांस आणि परगावच्या लोकांसही आगाऊ पैसे दिले. त्या १८१९ साली गावात घरे होती ४०१ आणि माणसे होती २,५०९. म्हणजे एका घरात सरासरी सहा माणसे. आजच्या एका मोठ्या गल्लीत याहून अधिक वस्ती सापडेल!

ब्रिग्जसाहेबांनी त्या वेळच्या धुळ्याचे जे वर्णन केले त्यात एक गोष्ट आपण शेतकऱ्यांनी ध्यानात धरण्याजोगी आहे. ते सांगतात की हे लहान गाव बागायतीने वेढलेले असून एका बाजूस पाण्याचा पाट आणि दुसऱ्या बाजूस नदी, अशा दोहोंच्या मध्ये कोंडलेले आहे. म्हणजे धुळ्याची पहिली वेस तटाची नव्हती, ती पाटाची होती. पांझरेच्या काठी बंधारे घालून पाट काढावयाचे, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, फडाफडाने पिकांची पाळी लावावयाची, पाटकऱ्याने ठरल्या पाळीने पाणी द्यावयाचे आणि बंधाऱ्याची दुरुस्ती सर्वांनी मिळून करावयाची, ही आपल्या भागातली फड पद्धत इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. शहर आले ते या पाण्याच्या आधाराने आले. आज शहराचा नकाशा काढून बसलात तर रस्ते दिसतील, वॉर्ड दिसतील. परंतु ज्या पाटामुळे गावाला आकार आला तो कोणी खणला, त्याची पाळी कोण पाहत होते, हे विचारावयाचे असेल तर पाटकऱ्याच्या नातवाकडेच जावे लागेल.

ब्रिग्जसाहेबांच्या वेळेपासून वाढलेल्या नव्या धुळ्यात गल्ल्या सरळ आहेत, एकमेकींस समांतर आहेत आणि त्यांना नंबर आहेत. परगावचा पाहुणा आला तर त्याला नवल वाटते की येथे गल्लीला नाव नसून आकडा कसा. याउलट जुन्या धुळ्यात घरे वाकडीतिकडी, रस्त्यांना वळणे, कारण ते गाव कोणी दोरी लावून आखलेले नव्हते. आता या सरळ गल्ल्यांविषयी एक समज आपल्याकडे फार पसरला आहे. धुळ्याची आखणी सर विश्वेश्वरय्या यांनी केली, असे शाळेतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे सांगतात. विश्वेश्वरय्या थोर स्थापत्यविशारद होते यात संशय नाही. परंतु नुसती वजाबाकी करून पाहा. ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले १८८४ साली. नव्या धुळ्याच्या कामाला मंजुरी मिळाली १८१९ साली. दोहोंत पासष्ट वर्षांचे अंतर आहे! विश्वेश्वरय्यांनी या जिल्ह्यात केलेले खरे काम वेगळे आहे. दातर्ती येथे ओढ्यापलीकडे पाटाचे पाणी नेण्यासाठी त्यांनी नळाचा सायफन बसविला. ते त्यांच्या नोकरीतले अगदी आरंभीचे काम होते, आणि ते शेतकऱ्याच्या पाण्याचे होते. ते सांगावयाचे सोडून आपण भलतेच श्रेय त्यांच्या पदरात बांधतो.

हे मी कोणाचा मोठेपणा कमी करण्यासाठी सांगत नाही. एका मोठ्या नावाखाली शेकडो लहान नावे कशी बुजून जातात ते आपल्या ध्यानात यावे म्हणून सांगतो. दूरदूरहून आणविलेले ते कारागीर कोठले? पाथरवट कोठून आले, गवंडी कोठून आले, काम संपल्यावर ते परत गेले की येथेच राहिले? यांतल्या कित्येकांचे वंशज आजही या गल्ल्यांत नांदत असतील. एखाद्या घरात आजी सांगत असेल की आमचे मूळ गाव अमुक, आणि आमचे पूर्वज साहेबाच्या कचेरीच्या कामाला आले ते येथलेच झाले. ती आजी म्हणजे त्या २७,००० रुपयांच्या हिशेबाचे न लिहिलेले पान आहे.

गल्लीला नंबर असावा की नाव असावा, याविषयीही दोन शब्द बोलतो. नंबराचा एक गुण आहे. आकड्याला जात नसते. आपल्या खेड्यापाड्यांतून जातीच्या नावाने वाडे पडले, आणि काही वाड्यांचे नाव तर माणसाला पिढ्यानपिढ्या खाली पाहावयास लावण्यासाठीच घेतले गेले. २०२० साली महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच झाला. जे नाव ऐकून पोराला शाळेत लाज वाटते ते नाव जावे, यात दुमत नको. परंतु नाव जाताना त्या वस्तीचे कामही विसरले जाऊ नये. त्या वस्तीने गावाची वेस राखली असेल, गावाचे चामडे कमावले असेल, गावाचे दोर वळले असतील, सगळ्या गावाची मडकी भाजली असतील. पाटीवरचे नाव बदला आणि वहीत कामाची हकीगत लिहा. दोन्ही केले म्हणजे अपमान जाईल आणि मान राहील.

नाव उरले आणि हकीगत गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण मुंबईत आहे. तेलंगणाकडून कामाठी मजूर मुंबईस आले. त्यांनी माती वाहिली, दगड रचले, इमारती चढविल्या. त्यांच्या वस्तीला कामाठीपुरा हे नाव पडले. आज ते नाव ऐकताच लोक भलताच अर्थ मनात आणतात, आणि मुंबई बांधणाऱ्या माणसांची ही वस्ती होती हे कोणी बोलत नाही. त्याच तेलुगू समाजातले रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळू कालेवार, जाया कराडी लिंगू हे इमारतींचे ठेकेदार होते आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी होते. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेत. दगड, चुना, मजुरी यांचा व्यवहार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यावर लिहिलेही होते. या ठेकेदार मंडळींची नावे आज आपल्याला सांगता येतात, कारण त्यांच्या मंडळींनी आपले छापखाने आणि आपली पत्रे चालविली. ज्या हजारो मजुरांनी त्या इमारतींचे दगड वर चढविले, त्यांची नावे टिपून ठेवणारे कोणी नव्हते, म्हणून ती गेली.

आता आपल्या घराकडे या. आपल्यात काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे गावाची. काळीत पिकते आणि पांढरीत माणूस राहतो. खानदेशातले जुने घर हे या पांढरीचेच वर उचललेले रूप आहे. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर मातीच्या जाड भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर चोपून बसविलेल्या मातीचा थर. हे आपले धाबे. पावसाळा तोंडावर आला की धाब्यावर नवी खारी माती टाकावयाची, पन्हाळी मोकळ्या करावयाच्या. आपल्याकडे पाऊस कमी आणि ऊन मोठे. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो तेव्हा जाड मातीची भिंत उन्हाला लवकर आत येऊ देत नाही, आणि रात्री घरची सगळी माणसे धाब्यावर आडवी होतात. हे शहाणपण कोणत्याही कॉलेजात शिकविलेले नव्हते. ते सुताराने बापापासून घेतले आणि गवंड्याने हातापासून घेतले.

या घराला मोजमापाची स्वतःची भाषा आहे. दोन खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो, आणि घर किती खणांचे यावरून घरधन्याची ऐपत कळते. चौकटीवरचे नक्षीकाम पाहिले की सुताराला किती दिवस कामावर ठेवण्याची ताकद होती ते कळते. जोत्याचे दगड चारही बाजूंनी घडीव आहेत की नुसते दर्शनी बाजूस घडविले आहेत, यावरून पैसा कोठे संपला तेही कळते! ओटा, ओसरी, चौक, माजघर, धान्याचे बळद, भिंतीतली देवळी, गोठा हे सगळे पाहिल्यावर घरात शेती होती की व्यापार होता की हातमाग होता ते समजते. आणि या घराचे एक कारागीर असे आहेत की त्यांचा रोज कोणत्याच वहीत लागलेला नाही. भिंती लिंपणाऱ्या, जमीन सारविणाऱ्या, वर्षातून कितीदा तरी सगळे घर हाताने नवे करणाऱ्या आपल्या बाया! मातीचे घर एकदा बांधून उभे राहत नाही. ते दरसाल बांधावे लागते, आणि ते दरसालचे बांधकाम बायांनी केले.

बायांचा विषय निघाला म्हणून आता जळगावास जाऊ. जळगावची वाढ धुळ्याहून वेगळ्या रीतीने झाली. तेथे साहेबाने दोरी लावली नाही. तेथे आगगाडी आली आणि कापूस आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच धामधुमीत, १८६४ साली, जळगावात नगरपालिका झाली. जुन्या जळगावाच्या बाहेर पेठांमागून पेठा पडल्या. त्यांतल्या पोलन पेठेला एका इंग्रज अंमलदाराचे नाव मिळाले. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पश्चिम खानदेशचे ठाणे धुळे आणि पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव ठरले. २०११ च्या शिरगणतीत जळगावची वस्ती साडेचार लाखांवर गेली. हे सगळे ज्या कापसाच्या बळावर झाले तो कापूस वेचणाऱ्या मजूर बाईचे नाव कोणत्या पेठेला आहे? १८७२ सालापासून जळगावात कार्तिकी एकादशीला रथ निघतो. रथोत्सव सुरू करणाऱ्या अप्पा महाराजांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. परंतु एवढे अवजड लाकूड घडविणारा सुतार कोण, अरुंद वळणावर चाकाखाली मोगरी सारून रथ सांभाळणारे कोण, हे त्या चौकातल्या किती पोरांना सांगता येईल?

पण याच जळगावात एक घर असे आहे की ज्याने आपल्याला मार्ग दाखविला आहे. जुन्या जळगावातला चौधरी वाडा. असोद्याच्या शेतकरी घरातली मुलगी बहिणाबाई लग्न होऊन या घरात आली. ऐन उमेदीत तिला वैधव्य आले. तिने शेत केले, मुले वाढविली, जात्यावर आणि शेतात काम करताना तोंडाने ओव्या रचल्या. तिला लिहिता वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि घरातलेच एक नातलग यांनी तिच्या तोंडच्या ओव्यांतून जेवढे जमले तेवढे कागदावर उतरवून घेतले. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती वारली. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखविले, आणि १९५२ साली तिच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. आज महाराष्ट्रात असे घर नाही की जेथे तिचे नाव पोहोचले नाही. २०१८ साली येथल्या विद्यापीठाला तिचे नाव दिले गेले. तिचे राहते घर लोक पाहावयास येतात, तिचे जाते, तिची भांडी पाहतात.

आता विचार करा. घर तेच. तशी मातीची भिंत, तसे खांब, तसे जाते आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी होते. कोणी दोन माणसांनी वेळेवर कागद-शाई घेतली नसती तर चौधरी वाडा हा जुन्या जळगावातला आणखी एक जुना वाडा राहिला असता, आणि आज त्या जागी तीन मजली इमारत उभी असती. घर वाचले ते नक्षीमुळे वाचले नाही. ते लिहून घेतल्यामुळे वाचले.

दुसरे उदाहरण धुळ्याच्या दक्षिणेस, आग्रा रस्त्यावर लळिंगच्या रानात आहे. तेथला लांडोर बंगला ही साहेबांच्या मुक्कामासाठी बांधलेली साधी इमारत. १९३७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर धुळ्यास एका खटल्याच्या कामासाठी आले असता त्यांचा मुक्काम या बंगल्यात झाला. ३१ जुलै ही तारीख लोकांनी विसरू दिली नाही. दरसाल त्या दिवशी गावोगावचे गोरगरीब पावसापाण्यातून तेथे जमतात. ही आठवण कोणत्याही खात्याने राखलेली नाही. आठवण धरणारी माणसे असली म्हणजे साधी इमारतही तीर्थ होते.

धुळ्यात इतिहासाचे कागद जपणारी मोठी संस्था आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरून, अडगळीतून दप्तरे काढून आणली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचा अंत झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले. त्या श्रमांची आपण कदर केली पाहिजे. परंतु दप्तर असते कोणाकडे? देशमुखाकडे, कुळकर्ण्याकडे, सरदाराकडे, सावकाराकडे. ज्याला लिहिता येत होते त्याचा कागद उरला. ज्याला लिहू दिले नाही त्याचा कागद कोठून सापडणार? आज मात्र ती सबब उरलेली नाही. आपली मुले-मुली शिकलेली आहेत. प्रत्येक घरात एक तरी माणूस लिहिणारे आहे. आता आपण लिहिले नाही तर दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

येथे कोणी उठून म्हणेल, “अहो, तुमचे सांगणे गोड आहे, पण आमचे धाबे गळते. तुळईला वाळवी लागली. पोराचे लग्न झाले, त्याला वेगळी खोली पाहिजे. जुने घर राखण्याचा पैसा कोण देणार?” हा प्रश्न रास्त आहे. पडत्या तुळईखाली लेकराबाळांसह झोपा आणि शहराची शोभा राखा, असे सांगणारा माणूस स्वतः सिमेंटच्या घरात राहत असतो. त्याचे ऐकू नका. घर माणसासाठी आहे. जे घर दुरुस्त होण्यासारखे आहे ते जरूर दुरुस्त करा, कारण चांगले सागवान आणि घडीव दगड आज नव्याने घ्यावयास गेलात तर परवडणार नाहीत. परंतु जे पाडलेच पाहिजे ते खुशाल पाडा. माझे मागणे एवढेच की, पाडण्याआधी चार कामे करा. त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही.

पहिले काम, घराचे माप घ्या. घर किती खणांचे, चौक केवढा, दारे किती, जोते किती उंच, हे पोराकडून वहीच्या पानावर आखून घ्या. खिशातला मोबाइल लग्नाच्या वरातीत नाचण्याचे फोटो काढतो, त्याच मोबाइलने प्रत्येक खोलीचे, चौकटीचे, देवळीचे आणि धाब्याच्या आतल्या बाजूचे फोटो काढा.

दुसरे काम, कागद सांभाळा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सनद असेल, खरेदीखत असेल, गहाणखत असेल, घरपट्टीच्या जुन्या पावत्या असतील. मोडी लिपीतला कागद वाचता येत नाही म्हणून चुलीत घालू नका. वाचणारे अजून आहेत. कागदाची प्रत काढून मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढून पाहा आणि तिच्यावर नाव कोणाचे आहे ते तपासा. बापाच्या पश्चात बहिणींची, विधवा भावजयीची नावे लागली आहेत की नाहीत तेही पाहा. खेड्यांत २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी हाती घेतली गेली. तुमच्या गावची मोजणी राहिली असेल तर त्या दिवशी घरी हजर राहा. ज्याच्या पूर्वजाला जागा तोंडी बोलीवर मिळाली आणि ज्याने कागद कधी पाहिलाच नाही, तोच वाटणीच्या वेळी, रस्ता रुंदीच्या वेळी आणि बिल्डराच्या पुढे अडचणीत सापडतो. घराचा इतिहास आणि घराचा हक्क हे एकाच पेटीत असतात, हे विसरू नका.

तिसरे काम, म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि बायांना आधी विचारा. घर कोणी बांधले, सुतार कोणत्या गावचा, लाकूड कोठून आणले, मजुरी धान्यात दिली की रोख दिली, विहीर कोणी खणली, विहिरीवर कोणाला पाणी भरू देत होते आणि कोणाला देत नव्हते, हे सगळे विचारा. आपल्याकडे जुनी माणसे साल सांगत नाहीत. ती पूर सांगतात, दुष्काळ सांगतात, प्लेग सांगतात. १८७२ सालच्या पांझरेच्या पुराने धुळ्यातल्या घरांची फार नासाडी केली. “पुराच्या आधी” आणि “पुरानंतर” अशा बोलण्यावरून साल लावता येते. अप्रिय गोष्ट निघाली तरी ती गाळू नका. ज्या घराने कोणाला ओट्याखाली उभे केले असेल, त्या घरच्या माणसाने तेही लिहावे. लाज झाकून लिहिलेला इतिहास पुढच्या पोरांच्या कामी येत नाही.

चौथे काम, लाकूड जळणाच्या भावाने विकू नका. जुन्या चौकटी, कोरीव खांब, तुळया विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात. तुमच्याकडून ते माल मातीमोल घेतात आणि तोच माल मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांच्या बंगल्यांत आणि हॉटेलांत जाऊन बसतो. विकावयाचे असेल तर जरूर विका, पण दोन-तीन ठिकाणी भाव विचारून विका, आणि आपल्या गावच्या सुताराला आधी दाखवा. त्या जुन्या चौकटीची एखादी सांध जुळवणी पाहून त्याला काही शिकता येईल. एक तरी खांब, एक तरी फळी नव्या घरात बसवा, म्हणजे पोर विचारील की हे कोठले, आणि तुम्हाला सांगावे लागेल.

ही चार कामे एकट्याने करण्यापेक्षा गल्लीने मिळून करावी. प्रत्येक गल्लीची एक वही असावी. पहिल्या पानावर गल्लीचा साधा नकाशा, आणि पुढे एका घराला दोन पाने. पहिल्या पानावर घरधन्याचे नाव येईल, ते येऊ द्या. दुसऱ्या पानावर सुताराचे, गवंड्याचे, पाथरवटाचे, विहीर खणणाऱ्याचे आणि भिंत लिंपणाऱ्या सासू-सुनांची नावे येऊ द्या. शाळेतल्या मुलामुलींना दिवाळीच्या सुटीत हे काम दिले तर ती हौसेने करतील. वहीच्या दोन प्रती काढून एक शाळेत आणि एक वाचनालयात ठेवा. ज्या घरी कोणी लिहिणारे नाही, त्या घरी शेजारच्या पोराने जाऊन बसावे.

आपल्यापैकी कोणाला वाटेल की आमच्या घराचे एवढे काय लिहावयाचे? आम्ही साधी माणसे. बंधूंनो, १८१९ सालच्या त्या ४०१ घरांतली बहुतेक घरे साध्या माणसांचीच होती. त्या २,५०९ माणसांचा आकडा कोणीतरी मोजला म्हणून आज आपल्याला सांगता येतो. आकडा मोजणाऱ्याने नावे लिहिली नाहीत, कारण ती त्याची माणसे नव्हती. आपल्या गल्लीतली माणसे आपली आहेत. त्यांची नावे आपण लिहू.

येत्या दिवाळीपूर्वी निदान एका गल्लीची वही पुरी व्हावी, एवढी विनंती आहे.